वसईचे विजेते चिमाजी अप्पा

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तकांत संतांचीं, धर्मगुरूंचीं आणि धर्मग्रामाच्या उपकारकर्त्यांचीं चरित्रें यावींत हें योग्यच आहे. परंतु ज्या मराठा सेनापतीनें वसईच्या कोटावरील पोर्तुगीज निशाण उतरविलें, त्याचें चरित्र या पानांत कशासाठीं, अशी शंका कोणा वाचकाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर असें कीं, उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास १७३९ सालापाशीं दुभंगतो. त्या सालापूर्वीं आपल्या पूर्वजांचा धर्म हा राज्यकर्त्यांचाही धर्म होता. त्यानंतर तो राज्यकर्त्यांच्या आधारावांचून टिकला. हा पालट ज्या पुरुषाच्या हातून घडला, त्याची ओळख करून घेतल्यावांचून आपली स्वतःची ओळखही आपणांस पुरती पटणार नाहीं.

चिमाजी अप्पा हे बाळाजी विश्वनाथ भट आणि राधाबाई यांचे धाकटे चिरंजीव. त्यांचा जन्म १७०७ च्या सुमारास झाला. भट घराणें मूळचें कोंकणांतील श्रीवर्धनचें. जंजिऱ्याच्या सिद्द्याच्या जाचामुळें बाळाजीपंतांना आपलें वतन सोडून घांटावर जावें लागलें. तेथें बुद्धि आणि कष्ट यांच्या बळावर ते चढत गेले व १७१३ सालीं शाहू महाराजांचे पेशवे झाले. ज्या किनाऱ्यावरून बाप परागंदा झाला, त्याच किनाऱ्याच्या भवितव्याचा निकाल पुढें त्याच्या मुलाच्या हातून लागावयाचा होता.

१७२० सालीं बाळाजीपंत वारले आणि बाजीराव वयाच्या विसाव्या वर्षीं पेशवेपदावर आले. चिमाजी अप्पा तेव्हां तेरा-चौदा वर्षांचे होते. पुढील वीस वर्षें या दोघां बंधूंचें जीवन एकमेकांत इतकें गुंतलेलें आहे कीं, एकाचें चरित्र सांगतांना दुसऱ्याचें वगळतां येत नाहीं. बाजीराव घोड्यावर बसून नर्मदेपलीकडे दौडत असत. साताऱ्याच्या दरबारचीं मनें सांभाळणें, सावकारांचा तगादा आवरणें, फौजेला पैसा पुरविणें, पत्रव्यवहार ठेवणें हीं कामें बहुधा अप्पांच्या वांट्यास येत. त्यांची प्रकृति नाजूक असून छातीचा विकार त्यांना छळीत असे. तरी ते केवळ लेखणीचे धनी नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजीं माळव्यांत अंझेरा येथें त्यांनीं मोंगल सुभेदार गिरिधर बहादुर याचा पराभव केला व त्या युद्धांत सुभेदार मारला गेला. १७३० सालीं त्यांच्या पत्नी रखमाबाई पुत्र सदाशिवराव याला जन्म देऊन थोड्याच दिवसांत निवर्तल्या.

आतां त्या काळच्या कोंकणपट्टीकडे वळूं. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें, हुमायून बादशहाच्या स्वारीच्या भीतीनें, वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस तहानें दिला. पुढें वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. कोटांत मठ, देवळें, विद्यालयें व इस्पितळ उभें राहिलें; वसईच्या व साष्टीच्या गांवोगांवीं ख्रिस्ती वस्त्या झाल्या. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली व १६६८ सालीं ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं आली. दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी आणि कुलाब्याचे आंग्रे हे समुद्रावरचे दोन बलिष्ठ शेजारी होते. याप्रमाणें शेसव्वाशें मैलांच्या या पट्टींत चार सत्ता एकमेकींवर डोळा ठेवून बसल्या होत्या. प्रत्येकीचें आरमार निराळें आणि प्रत्येकीची जकात निराळी. आजचा मित्र उद्यां शत्रु व्हावा आणि परवां पुन्हां मित्र व्हावा, हीच तेथील रीत होती. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली. ती फसतांच एकानें दुसऱ्यावर दोष ठेवला व पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं निराळा तह करून घेतला.

या कोड्याची एकेक गांठ सोडवीत जाणें हें पेशव्यांचें धोरण होतें. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले आणि वडील पुत्र सेखोजी १७३३ सालीं वारल्यावर संभाजी व मानाजी या भावांत कलह लागला. पोर्तुगीजांनीं आज एकाची तर उद्यां दुसऱ्याची बाजू धरली. पेशव्यांनीं मानाजीस कुलाब्यावर स्थिर करून आपल्या पक्षांत आणलें. सिद्द्याशीं चाललेल्या युद्धांत १९ एप्रिल १७३६ रोजीं अप्पांनीं रेवसच्या परिसरांत सिद्दी सात या प्रसिद्ध सरदारास गांठून लढाईंत ठार केलें आणि त्याच वर्षीं सिद्द्यानें तह पत्करला. अशा रीतीनें दक्षिणेची बाजू शांत झाली, मानाजीचें आरमार हाताशीं आलें, आणि मगच उत्तरेकडे पाहण्याची वेळ आली.

पोर्तुगीजांशीं युद्ध कां झालें, याचें उत्तर देतांना आपण ख्रिस्ती लोकांनीं सत्याला भिऊन चालणार नाहीं. मराठ्यांना साष्टीचें सुपीक बेट व ठाण्याची खाडी हवी होती, हें खरें. कल्याण त्यांच्या ताब्यांत होतें, पण कल्याणहून समुद्राकडे उतरणारें प्रत्येक गलबत पोर्तुगीजांच्या तोफांखालून जाई. तथापि याहून खोल असें दुसरें कारण होतें. पोर्तुगीज अमलांत हिंदु प्रजेला आपले सण व विधि उघडपणें करण्याची मोकळीक नव्हती. तिचीं मंदिरें पाडलीं गेलीं होतीं. अनाथ हिंदु मुलांस ख्रिस्ती करण्याचे कायदे होते. आणि १५६० सालीं गोव्यास स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा धाक होता. ज्या प्रभूनें कोणावरही बळजबरी केली नाहीं, त्याच्या नांवानें बळाचा उपयोग व्हावा, ही त्या राज्याची मोठी चूक होती. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांसारखीं वजनदार माणसें या जाचाला कंटाळून पेशव्यांकडे गेलीं. किल्ल्यांची माहिती, वाटाड्ये व स्थानिक लोकांचें साह्य हीं त्यांच्याच द्वारें मराठ्यांस मिळालीं. दुर्बल प्रजेचें दुखावलेलें मन हें तटबंदीला पडलेलें पहिलें भगदाड होय.

१७३७ च्या वसंत ऋतूंत मराठे खाडी उतरून साष्टींत शिरले. ठाण्याचा किल्ला बांधून पुरा झाला नव्हता. उत्तर प्रांताचा जनरल लुईश बोतेल्यु कारंजाकडे निघून गेला आणि ठाणें थोड्याच प्रतिकारानें पडलें. स्वतः अप्पा तेथें होते. साष्टी हातीं आली. परंतु वसईच्या तटावर शिड्या लावून चढण्याचा प्रयत्न साफ फसला. पावसाळा आला, पुढें बाजीराव भोपाळकडे निजामाशीं गुंतले, १७३८ च्या आरंभीं माहीमच्या किल्ल्यावरही मराठ्यांना अपयश आलें. येथें माहीम म्हणजे केळव्याजवळचें माहीम, मुंबईचें नव्हे. एका मुसंडीनें हा प्रांत मिळणार नाहीं, त्याला बाहेरून मिळणारी मदत आधीं तोडली पाहिजे, हें अप्पांनीं या अपयशांतून ओळखलें.

मदत दोन ठिकाणांहून येण्यासारखी होती, गोव्याहून आणि मुंबईहून. गोव्याचा बंदोबस्त असा झाला कीं, अप्पांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे व दादाजीराव भावे यांनीं १७३९ च्या जानेवारींत गोव्याजवळील साष्टी प्रांतावर चाल करून मडगांव घेतलें. त्यामुळें व्हाइसरॉय कोंदि द सांदोमिल यास राजधानीचीच चिंता पडली आणि उत्तरेकडे पुरेसें सैन्य पाठविणें त्यास अशक्य झालें. मुंबईचा प्रश्न अधिक नाजूक होता. इंग्रज हे ख्रिस्ती, आणि पोर्तुगालच्या राजाशीं त्यांच्या राजाची जुनी मैत्री. पण ठाणें व कारंजा येथील पोर्तुगीज जकातीनें मुंबईचा व्यापार बहुत वर्षें त्रासला होता, आणि मराठ्यांशीं उघड वैर धरण्याचें कंपनीच्या अंगीं बळ नव्हतें. त्यांनीं वसईस थोडी दारू व गोळे दिले, मराठ्यांस गोड पत्रें लिहिलीं, आणि दोहोंपासून अंतर ठेविलें. १७३८ च्या अखेरीस जनरल पेद्रु द मेलु ठाणें परत घेण्यास आरमार घेऊन आला. तोफेच्या गोळ्यानें तो स्वतःच पडला व ती मोहीम मोडली.

१७३९ च्या जानेवारींत अप्पा जातीनें रणांगणीं आले. माहीम, केळवें, शिरगांव, डहाणू हीं ठाणीं एकामागून एक पडलीं. तारापूर मात्र मोठ्या किमतीला मिळालें. पेशव्यांचे जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर तेथें गोळी लागून ठार झाले. फेब्रुवारींत वसईला वेढा बसला. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे फौजेसह येऊन मिळाले. समुद्रावर मानाजी आंग्र्यांचें आरमार उभें राहिलें. त्याच वेळीं इराणचा नादिरशहा दिल्लींत शिरल्याची बातमी आली. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती, आणि मोर्च्यांत अडकलेली फौज सोडवावी तर वसई घेतल्यावांचून ती सुटत नव्हती. पावसाळा तोंडावर आला होता.

कोटाच्या आंतील स्थिति याहून कठीण होती. सेनापति सिल्वेइरा द मेनेझेस लढतां लढतां पडला व त्याची जागा कायतानु द सौझ परेरा यानें घेतली. अधिकारी जुआंव शाव्हियेर पिंतु मुंबईच्या इंग्रजांस विनवणीचीं पत्रें धाडीत होता. अखेर इंग्रजांनीं १५,००० रुपये कर्जाऊ दिले, आणि तारण म्हणून देवळांतील चांदीचीं उपकरणें घेतलीं. तेवढ्यानें भागेना म्हणून तटावरील कांहीं तोफाही उतरवून मुंबईस नेल्या. ज्या पात्रांनीं वेदीवर प्रभूची सेवा केली, तीं दारूगोळ्यासाठीं गहाण पडलीं, आणि तीं गहाण ठेवून घेणारे हात ख्रिस्ती शेजाऱ्यांचे होते. राज्याराज्यांच्या मैत्रीवर विसंबणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

मे महिन्यांत मराठ्यांनीं सान सेबास्तियांवच्या बुरुजाखालीं सुरुंग पेरले. १३ मे रोजीं ते उडाले व तटाला खिंडार पडलें. कांहीं सुरुंग उशिरां उडून मराठ्यांचींच माणसें दगडमातीखालीं गाडलीं गेलीं. दोन दिवस खिंडारांत हातघाईची लढाई चालली. किल्ला येत नसेल तर निदान आपलें मस्तक तोफेनें उडवून किल्ल्यांत टाका, असें निर्वाणीचें बोलणें अप्पांनीं सरदारांपाशीं काढल्याची कथा बखरींतून चालत आली आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या दोन दिवसांची दारुण अवस्था तींत दिसते. या वेढ्यांत मराठ्यांकडील मेलेले व जखमी मिळून सुमारे ५,००० आणि पोर्तुगीजांकडील सुमारे ८०० होते, असें सांगतात.

१६ मे १७३९ रोजीं शरणागतीचा करारनामा झाला, आणि अप्पांचें खरें मोठेपण येथें दिसून येतें. हजारों माणसें गमावलेल्या विजयी सैन्याच्या मनांत त्या दिवशीं काय असेल, याची कल्पना करावी. खिंडार पडलें होतें. आणखी एक हल्ला झाला असता तर शहराची लूट व कत्तल कोणास आवरतां आली नसती. परंतु अप्पांनीं पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, नौबत वाजवीत व निशाणें फडकावीत बाहेर पडण्याची मुभा दिली. बायकामुलें व मालमत्ता नेण्यास आठ दिवस दिले. जे ख्रिस्ती लोक मागें राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक असावी, आणि एक शहरांत, एक वसईच्या मुलखांत व एक साष्टींत अशीं तीन देवळें राखावीं, हेंही त्यांनीं मान्य केलें. २३ मे रोजीं पोर्तुगीज बाहेर पडले व मराठ्यांचें निशाण कोटावर चढलें.

या उदारपणांत राजकारणही होतें. पाऊस जवळ आला होता, फौज थकली होती, बाजीराव वाट पाहत होते. परंतु केवळ राजकारणानें त्या कराराचा उलगडा होत नाहीं. दोनशें वर्षें ज्या राज्यानें हिंदूंना जी मोकळीक दिली नव्हती, तीच मोकळीक हरतांना त्या राज्याच्या सेनापतीनें आपल्या मागें राहणाऱ्यांसाठीं मागितली, आणि जिंकणाऱ्यानें ती दिली. सूडाचें निमित्त हाताशीं असतां सूड न घेणें हें सामर्थ्याचें लक्षण आहे.

तथापि पुढील काळ सुखाचा होता असें कोणी समजूं नये. पोर्तुगीज सरदारांबरोबर निरनिराळ्या संघांचे धर्मगुरु निघून गेले. मठ ओस पडले, अनेक देवळांचीं छपरें कोसळलीं, कोटांतील भव्य भिंतींवर झाडें उगवलीं. घंटा विजयाच्या खुणा म्हणून घांटावर गेल्या. त्यांपैकीं कांहीं नाशिक, भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणीं हिंदु देवालयांत आजही टांगलेल्या आहेत. ज्यांना जहाजावर जागा नव्हती, ते कोळी, शेतकरी व बागाईतदार येथेंच राहिले. त्यांच्या सेवेस गोव्याच्या आर्चबिशपांच्या आज्ञेंतील एतद्देशीय धर्मगुरु राहिले. राजाश्रय गेला, द्रव्य गेलें, राहिली ती श्रद्धा, घराघरांत म्हटला जाणारा रोझरी आणि आपल्या मायबोलींतील प्रार्थना. पोर्तुगीज काळांत उभारलेलीं सांडोर, पापडी, रेमेदी, नंदाखाल, आगाशी इत्यादि ठिकाणचीं धर्मस्थानें आजही भक्तांनीं भरतात. राज्याबरोबर आलेला धर्म राज्याबरोबर जाईल, असें ज्यांना वाटलें असेल त्यांचा अंदाज चुकला.

उत्तर प्रांतांतील पोर्तुगीजांचें नुकसान ८ शहरें, ४ मोठीं बंदरें, २० किल्ले व ३४० गांवें असें मोजलें जातें. मुंबईच्या इंग्रजांची झोंप उडाली. व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपये वर्गणी देऊन शहराभोंवतीं खंदक खणण्याचें काम सुरू करविलें. कॅप्टन इंचबर्ड वसईस अप्पांकडे गेला व कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांच्या दरबारीं गेला. गॉर्डनला मैत्रीच्या भेटीबरोबर दरबारांतील हेवेदावे टिपून ठेवण्याचीही आज्ञा होती. जुलै १७३९ मध्यें इंग्रजांशीं तह होऊन कंपनीला पेशव्यांच्या मुलखांत व्यापाराची सवलत मिळाली. १७४० सालच्या तहानें पोर्तुगीजांनीं चौलही सोडलें.

या यशाचा उपभोग घेण्यास अप्पांना फार दिवस लाभले नाहींत. १७४० च्या वसंतांत ते पुतण्या बाळाजी बाजीराव यांच्यासह कुलाब्यास आंग्र्यांच्या भाऊबंदकींत गुंतले असतां, २८ एप्रिल रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें बाजीरावांचा अंत झाला. बंधूचें दुःख गिळून अप्पांनीं स्वतःसाठीं कांहीं न मागतां पुतण्याला पेशवाईचीं वस्त्रें मिळवून दिलीं. छातीचा विकार बळावत गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, वयाच्या सुमारें तेहेतिसाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. द्वितीय पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यास ओंकारेश्वरापाशीं अप्पांची समाधि आहे. पुत्र सदाशिवराव भाऊ १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले.

पुढें काळानें त्या विजयाचीही परीक्षा घेतली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें व साष्टी त्यांच्याकडेच राहिली. १७८० सालीं जनरल गॉडर्डनें वसई घेतली आणि सालबाईच्या तहानें ती परत आली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून पेशवाईचें स्वातंत्र्य गहाण टाकलें. सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सर्व आले व गेले. ज्यांना कोणत्याही तहाच्या बैठकींत आसन नव्हतें, ते येथील साधे शेतकरी व कोळी मात्र राहिले.

प्रिय वाचकहो, चिमाजी अप्पा आपल्या धर्माचे नव्हते, आणि आपल्या देवळांचें वैभव त्यांच्या स्वारीनें लयास गेलें, हें आपण लपवीत नाहीं. परंतु हातीं तरवार असतां त्यांनीं आपल्या पूर्वजांच्या उपासनेला जागा ठेविली, हेंही तितकेंच खरें आहे, आणि तें कृतज्ञतेनें सांगण्यास आपणांस लाज वाटूं नये. या ज्युबिलीच्या दिवशीं वेदीपुढें गुडघे टेकतांना, ज्यांनीं राजाच्या आधारावांचून श्रद्धा जतन केली त्या आपल्या अनामिक पूर्वजांचें स्मरण करूं या. आणि शेजाऱ्याच्या उपासनेला जागा ठेवण्याची ती शिकवण, जी आपल्या पूर्वजांना एका परधर्मी सेनापतीकडून मिळाली, ती आपण आपल्या शेजाऱ्यांशीं वागतांना न विसरण्याची बुद्धि परमेश्वर आपणांस देवो.